घसरता क्लच घेऊन मैनीच्या गावी

बार्शीला परत आल्यापासून दुकानात येणारा जो तो एकच विचारतो, "काय अण्णा, वाघ दिसला का?" चंद्रपूर-गडचिरोली म्हटलं की आमच्याकडच्या माणसाच्या डोक्यात दुसरं काही येतच नाही. वाघ दिसला नाही. पाहायला गेलोही नव्हतो. आम्ही गेलो होतो मैनाबाई नावाच्या एका बाईंचा चेहरा पाहायला, आणि तोही मला नाही, माझ्या बायकोला पाहायचा होता.

सुलभाचे वडील वनखात्यात गार्ड होते. मूळचे आमच्याच भागातले, पण नोकरी धानोऱ्याच्या पुढच्या जंगलात. त्यामुळे हिचं लहानपण सगळं तिकडं गेलं. मैनी ही शेजारच्या गोंड घरातली तिची मैत्रीण, लग्नानंतरही त्याच गावात राहिलेली. मग वडिलांची बदली झाली, पुढं हिचं लग्न, मुलं, संसार. मैनीचं नाव आमच्या घरात निघायचं ते कधीतरी चारोळ्या खाताना. गेल्या वर्षी हिच्या डोळ्यांचं निदान झालं. पडदा सुकत चाललाय, डॉक्टर म्हणाले, आणि त्यावर औषध नाही. भर दिवसा समोरचं दिसतं, कडेचं नाही. उजेड उतरला की समोरचा माणूस म्हणजे नुसता काळा आकार. हे एवढं तरी किती दिवस टिकेल, ते त्यांना सांगता येईना. दवाखान्यातून बाहेर पडल्यावर ही रडली नाही. रिक्षात बसली आणि म्हणाली, "मला मैनीला बघायचंय. उजेडात."

आता मी पडलो स्पेअर पार्टचा दुकानदार. दुचाकीचे सुटे भाग विकण्यात माझी हयात गेली. धानोऱ्याच्या पुढं एसटीचा भरवसा नाही असं कळल्यावर मी छाती पुढं काढून म्हटलं, आपली मोटरसायकल नेऊ. बार्शीहून नागपूरपर्यंत गाडी रेल्वेने नेली. निघण्याआधी तिचं सगळं केलं: चेन, ब्रेक, प्लग. आणि दुकानात नव्यानेच मोटारींसाठीचं भारीतलं तेल ठेवायला सुरुवात केली होती, तो डबा फोडून इंजिनात ओतला. म्हटलं, एवढ्या लांबचा प्रवास, बायको मागं बसणार, हात कशाला आखडता घ्यायचा? पिशवीत क्लच प्लेटांचा नवा संच, केबल आणि गॅस्केटही टाकलं. हिनं डब्यात शेंगदाण्याची चटणी भरली. तयारी जय्यत होती.

मोहर्ली

मे महिन्यातलं चंद्रपूरचं ऊन मी ऐकून होतो. ऐकणं वेगळं आणि त्यात हेल्मेट घालणं वेगळं. मोहर्लीला पोचेपर्यंत डोक्याचा भात शिजला होता. गावात घराघरांवर राहण्याजेवणाच्या पाट्या, जिप्सी गाड्यांच्या रांगा, आणि सगळ्यांचं बोलणं वाघावरून सुरू होऊन वाघावरच संपणारं. आम्ही उतरलो त्या घरच्या शोभाबाईंनी सफारीचं विचारलं. नको म्हटल्यावर त्यांना ते पटेना.

"वाघ नाई पाहायचा?" त्या म्हणाल्या. "मंग इतक्या उन्हाचे आले कायले?"

"मैत्रिणीला भेटायला," सुलभा म्हणाली.

शोभाबाईंनी माझ्याकडं पाहिलं, माणूस ठीक आहे ना अशा नजरेनं, आणि जेवण वाढलं. तळ्यातल्या मासळीचं झणझणीत कालवण आणि भात. मी सवयीनं भाकरीची वाट पाहत बसलो. भात संपला तर पुन्हा भातच आला. आमच्याकडं भात म्हणजे जेवणाचं शेपूट, इथं तोच जेवण. सुलभा मात्र हातानं भात कालवून अशी जेवत होती की मी बघतच राहिलो. आमच्या घरी ती चमच्यानं भात खाते.

मूलच्या रस्त्यावर

चंद्रपूरहून मूल गावाकडं जाताना दोन्ही बाजूंना जंगल लागतं. पानगळ होऊन गेलेली, मधूनच पळसाला नवी पानं. एका चढावर पुढं कोळशाचा ट्रक होता. ओलांडायला म्हणून मी मूठ पिळली. इंजिन ओरडलं आणि गाडी होती तिथंच. मागून सुलभा कानाशी म्हणाली, "अहो, गाडी ओरडतेय, पण वारा काही वाढत नाही."

क्लच घसरतो म्हणजे काय होतं ते याहून बरं मलाही सांगता आलं नसतं. इंजिन फिरतं, पण त्याची ताकद चाकापर्यंत पोचत नाही. मधल्या प्लेटा एकमेकींना घट्ट धरायच्या त्या निसटतात. मी गाडी झाडाखाली घेतली आणि पहिल्यांदा केबल पाहिली. हँडलवरच्या दांडीला थोडी ढील असावी लागते. केबल ताठ असली तर क्लच कायम थोडा दाबलेलाच राहतो. मी ढील वाढवली, गाडी पुन्हा काढली. सपाटीला ठीक. पुढच्या चढाला पुन्हा तेच. मग वैनगंगेच्या पुलापर्यंत बैलगाडीच्या वेगानं गेलो. नदीत पाणी कमी आणि वाळू जास्त. सुलभा मान पूर्ण वळवून वळवून ती नदी पाहत होती, कारण कडेचं तिला दिसत नाही.

गडचिरोली

गडचिरोलीत शिरताना एक गॅरेज दिसलं. मालक गजूभाऊ तोंडानं फार चालू. त्यानं गाडीवर बसून एक चक्कर मारली आणि निकाल दिला.

"क्लच नाई जी. बोअर गेला. पुरं इंजिन खोलाव लागन."

"धूर कुठंय?" मी म्हटलं. "बोअर, म्हणजे सिलिंडर, गेला असता तर निळा धूर निघाला असता. आवाज वाढतो आणि वेग वाढत नाही, म्हणजे क्लच प्लेटा."

"बरं, प्लेटा तं प्लेटा. पन थ्या आनाव लागन नागपूरवरून."

मी पिशवीतून नवा संच काढून त्याच्यासमोर ठेवला, दुकानात ठेवतो तसा. गजूभाऊनं संच पाहिला, मला पाहिलं. "दुकान घेऊन फिरता, मंग मले काऊन विचारून राह्यले?" तो हसला आणि पाने-पेचकस माझ्यापुढं सरकवून स्वतः खुर्चीत बसला. मी काम करणार आणि तो नावं ठेवणार, अशी वाटणी झाली.

खरं सांगायचं तर आयुष्यभर मी प्लेटा विकल्या, बसवल्या मोजक्याच. तरी काम नीट झालं. तेल काढलं, उजव्या बाजूचं झाकण खोललं, स्प्रिंगा सोडल्या, प्लेटा बाहेर काढल्या. हातात घेऊन पाहिल्या तर जाडी चांगली होती. जळलेल्याही नव्हत्या. तिथंच थांबून विचार करायला हवा होता. पण ज्याच्याकडं प्लेटांचा नवा संच असतो त्याला प्लेटाच बदलाव्याशा वाटतात. नव्या प्लेटा कोरड्या बसवायच्या नसतात, आधी तेलात भिजवायच्या. त्या मी माझ्याच भारी तेलात भिजवल्या.

"माह्याकडचं ड्रमातलं टाकू का तेल?" गजूभाऊनं विचारलं.

मी त्या ड्रमाकडं अशी नजर टाकली की त्यानं पुन्हा विचारलं नाही. माझं तेल महागाचं, त्यात जेमतेम आठवड्याचं. ते मी स्वच्छ बाटलीत काढून ठेवलं होतं, सुलभाच्या रुमालातून गाळलं आणि परत इंजिनात ओतलं. गावात एकट्यानं चक्कर मारली तर गाडी सरळ निघाली. गजूभाऊला मी चहा पाजला, सुलभाला म्हटलं, "झालं, उद्या दुपारच्या आत मैनी." त्या रात्री मला गाढ झोप लागली.

धानोरा

सकाळी निघालो. धानोऱ्याचा रस्ता सुंदर आहे, मोहाची झाडं रस्त्यावर वाकलेली. समोरून मोटरसायकली येत होत्या, दोन्ही बाजूंना पोती लटकवलेल्या. ऊन चढलं, इंजिन तापलं, आणि धानोरा जवळ आलं तसा क्लच पुन्हा घसरला. कालच्यापेक्षा जास्तच. शेवटी सुलभा उतरली आणि सामानाची पिशवी घेऊन कडेकडेनं चालू लागली. मी गाडी रेटत मागून. त्या उन्हात तिला तसं चालताना पाहून मला माझ्या दुकानाचा, माझ्या ज्ञानाचा आणि त्या संचाचा फार राग आला.

धानोऱ्यात गॅरेजं दिसली ती सगळी बंद. एका टपरीवर पार्वताबाई नावाच्या बाई चहा करत होत्या. मी विचारलं, मिस्त्री कुठं भेटेल?

"आता कोनी नाई भेटे, भाऊ. पत्ता चालू हाय ना. मिस्त्री पानं तोडाले गेला."

पत्ता म्हणजे तेंदूचा पाला, विडीचा. मे महिन्यात थोडेच दिवस तो तोडायचा असतो, आणि त्या दिवसांत वर्षाचा मोठा आधार होतो. त्यामुळे शिंपी, मिस्त्री, शाळेचा शिपाई, सगळे जंगलात. आमच्याकडं लगीनसराईत दुकानं उघडतात, इथं पत्त्याला बंद होतात. एखाद्याची गाडी मागावी तर तीही पानांच्या पुड्यांखाली.

तेवढ्यात सुलभा बाकावर टेकली आणि म्हणाली, "बाई, मले पानी दे ना जी आंधी."

मी तिच्याकडं पाहिलं. हा आवाज मी ऐकलेला होता, ही भाषा नाही. पार्वताबाईंनी चटकन विचारलं, "तुमी इकडच्याच हा का?" मग दोघींचं असं सुरू झालं की मला मधूनमधूनच कळत होतं. एका क्षणी सुलभाचा चेहरा उतरला. मैनीच्या गावचे लोक, पार्वताबाई सांगत होत्या, उद्या पहाटे अंधारातच ट्रॅक्टरनं दूरच्या जंगलात जाणार. तिथंच झोपड्या घालून राहतात, पान संपेपर्यंत परत येत नाहीत. मैनाबाईही जाणार. आमचं परतीचं तिकीट काढलेलं, आणि पुन्हा इतक्या लांब यायचं तेव्हा हिला काय दिसत असेल, कुणाला माहीत. म्हणजे आजच, आणि तेही उजेड आहे तोवर.

"तुमी प्लेटा बदलल्या ना?" सुलभानं मला विचारलं. घाईत तिची भाषा बदलायची राहून गेली.

"बदलल्या की. नव्या कोऱ्या."

"आणि तेल?"

"तेल तेच. गाळून घातलं ना तुझ्याच रुमालानं."

"अहो, विरजण तेच घातलं तर भांडं बदलून दही बदलेल का? हे तेल घालायच्या आधी गाडी कधी अशी वागली होती?"

वागली नव्हती. मी बाकावर बसलो. मोटारीचा क्लच तेलाबाहेर असतो, कोरडा. मोटरसायकलीचा तेलातच बुडालेला. मोटारीचं भारी तेल मुद्दाम बुळबुळीत केलेलं असतं, इंजिन हलकं फिरावं म्हणून. त्यात माझ्या प्लेटा एकमेकींना धरणार कशा? हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण दुकानातला सगळ्यात चांगला माल म्हणजे सगळ्यांसाठी चांगला, या दुकानदारी हिशेबात ते बुडून गेलं होतं. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

किराणा दुकानात मोटरसायकलीचं साधं तेल मिळालं, तेही धूळ बसलेल्या डब्यात. पार्वताबाईंच्या टपरीमागं मी पुन्हा झाकण खोललं. झाकणाखाली काल लावलेलं गॅस्केट नशिबानं अखंड सुटलं. प्लेटा एक एक करून पेट्रोलनं धुतल्या, सावलीत मांडल्या. त्या हवेत वाळायला वेळ लागला नाही. जुन्या तेलाचा ओशटपणा पुसून काढला, साध्या तेलात प्लेटा भिजवल्या. पण घाई केली की हात चुकतो. एक स्प्रिंग उडून गवतात गेली. ती शोधायला मी, पार्वताबाई आणि चहा प्यायला आलेला एक म्हातारा असे तिघं गुडघ्यांवर. सुलभा नुसती उभी. तिला शोधता येणार नव्हतं आणि ते तिला बोचत होतं. अखेर स्प्रिंग पार्वताबाईंना सापडली, पण तोवर ऊन कलायला लागलं होतं.

झाकण लावलं, तेल ओतलं, गाडी काढली. समोरच्या चढाला मुद्दाम वरच्या गिअरमध्ये मूठ पिळली. गाडीनं धरलं. पैसे द्यायला गेलो तर पार्वताबाई म्हणाल्या, "आंधी निंगा. उजेडाच्या आत पोचसान तं पोचसान."

मैनीचं गाव

नाही पोचलो. शेवटचा रस्ता कच्चा होता, मुरमाचा, आणि वाटेत एक नाला. गावात शिरलो तेव्हा आभाळात उजेड होता, जमिनीवर नव्हता. मोकळ्या जागेवर पानांचे पुडे वाळत घातलेले, आणि बायका ते उलटे करत होत्या. सुलभानं माझा दंड घट्ट धरला होता. आदल्या दिवशी वादळ झाल्यानं गावात लाईट नव्हती.

कुणीतरी हाक मारली, आणि पदर खोचलेली एक सडसडीत बाई पुढं आली. "जोहार. कोन जी?"

"मैने," सुलभा म्हणाली. "मी सुली. गार्डाची सुली."

हातातले पुडे त्या बाईनं खाली ठेवले, सुलभाजवळ आली, तिच्या दोन्ही हातांवरून हात फिरवला आणि मग जोरात हसली. सुलभा तिच्याकडं तोंड करून उभी होती, अगदी समोर, आणि हळूच मला म्हणाली, "दिसत नाही हो."

मला फार वाईट वाटलं. एका महागड्या डब्यापायी हिचा उजेड गेला. मी मोबाईलची बॅटरी लावायला निघालो, तर सुलभानंच हात धरून थांबवलं. मैत्रिणीच्या तोंडावर बॅटरी मारून बघायचं तिला नको होतं. डोळ्यांबद्दलही तिनं चकार शब्द काढला नाही. आम्ही अंगणात बसलो, मैनाबाईंनी भात आणि अंबाडीची भाजी वाढली, नंतर टेंभरं दिली, तेंदूचीच पिवळी गोड फळं. नवरा आणि मुलगा उद्याच्या ट्रॅक्टरसाठी भांडी-तांदूळ बांधत होते. मैनाबाई सुलभाच्या शेजारी बसून होत्या, सुलभानं त्यांचा हात धरलेला. मधेच त्यांनी मला विचारलं, "भाऊ, तुमची गाडी बिघडली होती म्हन्ते ही. आता धरते का?"

"धरते."

"दोन मानसं अन् बोजा, चढाव लागते तिथी. धरन?"

"धरेल," मी म्हटलं. कशासाठी विचारतात ते कळलं नाही.

त्या नवऱ्याशी गोंडीत काहीतरी बोलल्या. तो जरा कुरकुरला, मग त्यानं बोजातून एक गठुडं वेगळं काढून ठेवलं.

पहाटे ट्रॅक्टर गेल्याचा आवाज मी झोपेतच ऐकला. उठलो तेव्हा फटफटत होतं आणि अंगणात कुणी नव्हतं. मागच्या बाजूला तळ्याच्या पाळीवर, बांधावर, दोघी समोरासमोर बसल्या होत्या. मैनाबाईंनी तोंड उगवतीकडं केलं होतं. ऊन झाडावरून उतरलं, पाळीवर आलं, त्यांच्या चेहऱ्यावर पडलं. सुलभा पाहत होती. दोघी बोलत नव्हत्या. मी तिकडं गेलो नाही, गाडीचं तेल पुन्हा एकदा पाहून घेतलं, पाहायची गरज नसताना.

मग मैनाबाई पत्त्याच्या जंगलात जायला माझ्या मागं बसल्या, गठुडं मांडीवर घेऊन. सुलभा अंगणातच राहिली. जंगलातला रस्ता चढाचा, वाळूचा, आणि गाडीनं एकदाही सोडलं नाही. मी म्हटलं, तुमची आजची सकाळ बुडाली, पत्त्याच्या दिवसांत कुणी अशी सकाळ सोडत नाही.

"काल अंधारात तिनं माह्या हात धरला ना, भाऊ, तवाच समजलो मी," त्या म्हणाल्या. "तिले दिसत नाई. लहानपनी बी तशीच होती. संध्याकाळ झाली का माह्या हात धरून घरी जाये. आमी समजत होतो, ही पोट्टी अंधाराले भेते."

मी गाडी चालवत राहिलो. इतकी वर्षं मीही तेच समजत होतो.